लुगर्टबाईंची पाचर

जर्मनीतल्या आमच्या वेट्झलार गावात भिंगं घासणारा माणूस नाही असं घर शोधावं लागतं. माझे आजोबा भिंगं घासायचे, वडीलही घासायचे. माझा हात जड, म्हणून मला आराखडे काढणाऱ्यांच्या खोलीत बसवलं. १९५८ साली मी एकोणतीस वर्षांचा होतो आणि वायलांड साहेबांच्या छोट्या कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढत होतो. कारखान्यात सगळी मिळून पस्तीस माणसं. त्या वर्षी मला वाटत होतं की आपल्याला आपलं काम येतं. तसं नव्हतं, हे मला ज्या बाईंनी दाखवलं, त्यांच्याबद्दल मी लिहितो आहे.

आमच्याकडे तेव्हा एक वेगळंच काम आलं होतं. आगगाडीनं दोन तासांवर कृत्रिम धाग्याचा एक मोठा कारखाना होता. तिथं घट्ट रस धातूच्या चकतीतून दाबून धागा काढत. शेव पाडायच्या सोऱ्याला असते तशी ती चकती, फक्त रुपयाएवढी, आणि तिच्यात केसाहून बारीक अशी बाराशे भोकं. एक भोक बुजलं किंवा त्याची कड खरबरीत झाली, की धागा तुटलाच. म्हणून चकत्या धुऊन आल्या की सहा बायका एकेक भोक डोळ्यांत तेल घालून तपासत. साधा सूक्ष्मदर्शक त्यांना पुरेना. दोन्ही डोळ्यांनी बघता येईल असं, खास याच कामाचं यंत्र त्यांना हवं होतं.

त्यातली भिंगं बेप्लर मास्तरांनी केली. मास्तर त्रेसष्ट वर्षांचे, आमच्या कारखान्यात वायलांड साहेबांच्याही आधीपासूनचे. त्यांच्या भिंगांतून भोकाच्या कडेवरचा ओरखडा नदीकाठच्या पायवाटेसारखा लख्ख दिसे. बाकीचा सांगाडा मी काढला होता. सरळ उभी नळी, भक्कम बैठक, कपाळ टेकायला रबराची पट्टी. आम्ही चाचणीसाठी सहा यंत्रं पाठवली आणि कौतुकाच्या पत्राची वाट बघत बसलो.

पाच आठवड्यांनी पत्र आलं. बायकांची डोकी दुखतात, माना आखडतात, दुपारनंतर एकाची दोन भोकं दिसायला लागतात. चित्रात दोष आहे, यंत्रं परत घेऊन जा.

चित्रात दोष म्हटल्यावर बेप्लर मास्तर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मग आम्ही दोघांनी मिळून आमच्याकडचं नमुन्याचं यंत्र सुटं केलं, दोन्ही नळ्या एकमेकींशी जुळतात का ते मोजलं, भिंगं काढून पुन्हा बसवली. सहा आठवडे गेले. दोष काही सापडला नाही. शेवटी वायलांड साहेब माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "फोल्कमार, यंत्र तपासून झालं ना? मग आता जा, बायका तपासून ये."

धाग्याच्या कारखान्यात श्टोकर नावाचे मुकादम होते. त्यांनी मला तपासणीच्या खोलीत नेलं. पाच बायका पाच यंत्रांवर वाकून बसल्या होत्या, सहावं यंत्र रिकामं होतं. खरं तर बसल्या होत्या असं म्हणणंही चूक होतं; खुर्चीच्या पुढच्या कडेवर कशाबशा टेकून, मान खाली घालून, उजवा हात खांद्याएवढा वर धरून त्या चित्र स्पष्ट करायची चकरी फिरवत होत्या. ती चकरी तिथं मीच ठेवली होती, कारण आराखड्यात ती तिथं शोभून दिसत होती. कडेची एक तरुण बाई दर थोड्या वेळानं थांबून बोटांनी कपाळ दाबत होती.

मी तपासणीची वही मागितली. रोज कोणाला किती दोष सापडले ते तिच्यात लिहिलेलं होतं. पहिले दोन आठवडे एका नावापुढचे आकडे बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट होते, आणि तक्रारीच्या रकान्यात तिचं नाव एकदाही नव्हतं. वाल्बुर्गा लुगर्ट. तिसऱ्या आठवड्यापासून ते नावच वहीतून गायब झालं होतं. मी मुकादमांना विचारलं, ही बाई कुठे गेली?

"ती आता पॅकिंगला," श्टोकर म्हणाले. "तुमच्या यंत्राशी खेळत होती. खाली लाकूड घातलं, बाजूला चिंध्या बांधल्या. मी म्हटलं, बाई, यंत्र पाहुण्यांचं आहे, आलं तसं परत गेलं पाहिजे."

मी त्यांचे आभार मानीन असं त्यांना वाटत होतं. मी ते लाकूड बघायला मागितलं. त्यांनी कपाटातून काढून दिलं. जळणाच्या ओंडक्यातून कापलेली एक पाचर होती ती. घासून गुळगुळीत केलेली, कोपरे गोल केलेले, घसरू नये म्हणून खाली जाड लोकरीचा तुकडा चिकटवलेला. बरोबर टॉवेलाच्या शिवलेल्या दोन गुंडाळ्या, आणि चॉकलेटाचा हिरवा पारदर्शक कागद.

मी एका रिकाम्या यंत्राच्या मागच्या पायांखाली पाचर सरकवली. नळी बसणाऱ्याकडे कलली. गुंडाळ्या कोपरांखाली घेतल्या, हिरवा कागद दिव्यापुढे धरला आणि डोळे लावले. सहा आठवडे मी त्या यंत्राशी झटत होतो, पण माझी पाठ खुर्चीच्या पाठीला टेकली ती त्या दिवशी पहिल्यांदा. मला फार लाज वाटली.

पॅकिंगच्या दालनात लुगर्टबाई उभ्यानं धाग्याची रिळं कागदात गुंडाळत होत्या. बारीक चणीच्या, पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेले. मी पाचर पुढे केली आणि विचारलं, "लुगर्टबाई, ही तुमची?"

त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. "जप्त झाली होती. परत द्यायला आलात की दंड सांगायला?"

"शिकायला आलोय."

"मग दार चुकलात. शहाणी माणसं तिकडे, खिडकीकडच्या बाजूला बसतात."

जेवणाच्या सुट्टीत एका खोक्यावर बसून त्यांनी भाकरीचा अर्धा तुकडा मला दिला आणि मी विचारलं तेवढंच सांगितलं. त्या बोहेमियातल्या गोसेनग्र्यूनच्या. त्या गावात घरोघरी लेस विणत. त्या सहाव्या वर्षी दोरे टाचायच्या गादीपुढे बसल्या आणि एकोणचाळिसाव्या वर्षी, युद्धानंतर, तिथल्या सगळ्या जर्मनांबरोबर त्यांनाही गाव सोडायला लावलं तोवर बसलेल्या होत्या. लेस विणणाऱ्या बाईची पाठ किंवा डोळे गेले तर घर उपाशी राहतं, म्हणून तिथल्या बायका मुलीला टाके शिकवायच्या आधी बसायला शिकवत. दिवा कुठे ठेवायचा, दोऱ्यांखाली रंगीत कागद का घालायचा, दर थोड्या वेळानं मान वर करून टेकडीकडे का बघायचं.

"काम डोळ्यांपर्यंत उचलायचं," त्या म्हणाल्या. "मान कामापर्यंत वाकवायची नाही. मानेला पगार कोण देतं?"

मी त्यांना आमच्या कारखान्यात चार आठवडे यायची विनंती केली. त्यांनी सरळ नाही म्हटलं. मागच्या वेळी मत सांगितलं तर बसायची खुर्ची गेली. आता उभं राहायची जागा आहे, तीही गेली तर बहिणीला काय खायला घालू, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर वायलांड साहेबांनी दिलं. त्यांनी धाग्याच्या कारखान्याच्या मालकांना फोन केला आणि लेखी घेतलं की परत आल्यावर लुगर्टबाई तपासणीच्या खोलीतच बसतील. तो कागद हातात पडल्यावर बाईंनी पिशवी भरली.

त्यांच्या मुक्कामाची सोय आमच्याच घरी करायची ठरली. माझी आई लीना हिला हे मुळीच पसंत नव्हतं.

"निर्वासित बाई? पुन्हा?" आई म्हणाली. "सेहेचाळीस साली तिघं घातले होते आपल्या वरच्या खोलीत. माझी पितळेची बादली अजून सापडायची आहे."

पहिल्या संध्याकाळी आईनं बटाट्याचे उकडलेले गोळे केले. पाहुणीनं दोन खाल्ले, चमचा ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "चांगले आहेत. भिंत बांधायला."

आईनं उरलेले गोळे झाकून ठेवले. दुसऱ्या दिवशी तिनं पातेलं लुगर्टबाईंच्या पुढ्यात आदळलं. "मग तुम्हीच करा." बाईंनी केले. आईनं चार खाल्ले आणि मीठ कमी आहे म्हणाली. त्या दिवसापासून दोघींचं जमलं, म्हणजे रोज भांडण व्हायला लागलं.

कारखान्यात मात्र तेवढं सोपं गेलं नाही. पाचर घालून यंत्र अख्खं कलतं, मग चकती सरकायची भीती राहते. बैठक सरळ ठेवून फक्त बघायची नळी कलती करायची असेल, तर आत एक प्रिझम घालून प्रकाश वळवावा लागतो. प्रिझम म्हणताच बेप्लर मास्तरांनी चष्मा काढला.

"एक काच वाढली की प्रकाश घटतो," ते मला म्हणाले. त्यांनी बाईंकडे बघितलंसुद्धा नाही. "माझ्या भिंगांतून आणलेला प्रकाश मी कुणाच्या मानेवर उधळायचा?"

उत्तर लुगर्टबाईंनी दिलं. "मास्तर, तुमचं चित्र फार सुंदर आहे. इतकं सुंदर मी दुसरं पाहिलं नाही. पण दहा वाजल्यानंतर ते बघायला कुणी उरत नाही."

 बाईंनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली एक चकती काढली. कारखान्यातूनच आणलेली, सात दोष असलेली. त्यांनी मास्तरांना एवढंच विचारलं की जुन्या यंत्रावर ही एक चकती पूर्ण तपासून द्याल का? मास्तर मानी माणूस. कोट काढून बसले.

सकाळी आठला ते बसले. नऊ वाजता त्यांनी पहिल्यांदा खांदा चोळला. दहानंतर ते दर मिनिटाला डोळे मिटत होते. आम्ही आपापल्या टेबलांवर काम करत असल्याचं नाटक करत होतो. एक वाजायच्या सुमारास त्यांनी बाराशेवं भोक पाहिलं आणि दोष सांगितले: पाच. ते उठायला गेले तर मान डावीकडे वळेना. कोणाकडे न बघता कोट हातावर घेऊन ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. त्यांची बायको वाळलं गवत भरलेल्या गरम पिशवीनं त्यांची मान शेकत होती असं नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी ते आले तेव्हा काखेत कागदाची गुंडाळी होती. कमीत कमी प्रकाश खाईल असं प्रिझम त्यांनी घरी पडल्यापडल्या काढलं होतं. गुंडाळी त्यांनी माझ्या नव्हे, लुगर्टबाईंच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "किती अंशांनी कलवायचं ते तुम्ही सांगा."

पुढचे आठवडे मी आयुष्यात विसरणार नाही. रोज सकाळी मी काहीतरी नवं घेऊन जायचो आणि संध्याकाळपर्यंत बाई त्यातलं निम्मं मोडीत काढायच्या. कपाळपट्टीच्या जागी मी चामड्याची मऊ खोबण केली होती, तिचा मला फार अभिमान होता. बाईंनी पाच मिनिटं डोकं टेकवलं आणि म्हणाल्या, "डोकं असं अडकवलं की माणसाचा दगड होतो. बसणारीला हलू द्या हो." खोबण गेली. चकरी खाली आली, टेबलाला लागून, दोन्ही बाजूंना, म्हणजे हात टेकलेला असतानाच बोटांनी फिरवता यावी. कोपरांखाली गाद्या आल्या. चष्मा न काढता बघता यावं म्हणून मास्तरांनी डोळ्यांकडची भिंगं पुन्हा नव्यानं केली. दिव्यापुढे फिकट हिरवी काच बसली. पाय टेकायला फळी आली.

बाई एकट्या स्वतःच्या मापावर भरवसा ठेवत नसत. सहा बायका सहा तऱ्हेच्या असतात, म्हणायच्या. म्हणून त्यांनी गोदामातल्या उंच माणसाला बसवलं, कार्यालयातल्या गरोदर टंकलेखिकेला बसवलं, आणि एका शनिवारी माझ्या आईलाही घेऊन आल्या. आई बराच वेळ यंत्राला डोळे लावून बसली.

"काय दिसतं?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही. पण बसायला छान आहे."

मास्तर त्या दिवशी मोठ्यानं हसले. मी तिथं बारा वर्षं होतो, पण त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

नवी सहा यंत्रं शरद ऋतूत गेली, आणि त्यांच्याबरोबर लुगर्टबाईही परत गेल्या. सहा आठवड्यांनी पत्र आलं. डोकेदुखीची एकही तक्रार नव्हती, आणि तपासणीतून निसटणारे दोष निम्म्याहून कमी झाले होते. कपाळ दाबत बसणाऱ्या त्या तरुण बाईनं, रोझविथानं, नोकरी सोडायचा अर्ज मागे घेतला होता. पत्राच्या तळाशी श्टोकर मुकादमांनी स्वतःच्या हातानं दोन ओळी घातल्या होत्या: माझ्या लिहायच्या टेबलाला उतार द्यायचा असल्यास किती द्यावा, हे लुगर्टबाईंना विचारून झालं आहे, तरी तुमचंही मत कळवावं. हे वाचून वायलांड साहेबांनी पत्र साऱ्या कारखान्यात फिरवलं.

मग पेटंटचा अर्ज करायची वेळ आली. कार्यालयानं तयार केलेल्या कागदावर दोन नावं होती, माझं आणि बेप्लर मास्तरांचं. मला ते खटकलं होतं. पण मी तोंड उघडायला कचरत होतो, हे आज कबूल करतो. मास्तरांनी कागद वाचला आणि लेखणी खाली ठेवली.

"तिसरं नाव कुठाय?"

वायलांड साहेबांनी समजावलं की बाई आपल्या नोकरीत नाहीत, शिक्षण नाही, पेटंटचं कार्यालय हरकत घेईल.

"मग घेऊ द्या हरकत. ते नाव नसेल तर माझंही काढा," मास्तर म्हणाले, आणि उठून भिंगांच्या खोलीत गेले.

तिसरं नाव घातलं. कोणीही हरकत घेतली नाही. त्या दिवशी मास्तरांनी मला एका शब्दानंही टोचलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

पेटंटचा कागद आला तेव्हा लुगर्टबाई रविवारच्या आमच्याकडे आल्या होत्या. मी तो स्वयंपाकघरात त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी हात पुसले, दोनदा वाचला, आपल्या नावावरून बोट फिरवलं.

"सेहेचाळीसपासून माझ्या नावाचे पुष्कळ कागद झाले," त्या म्हणाल्या. "कुठून आले, काय सोडून आले, सामान किती किलो. मला काय येतं ते लिहिलेला हा पहिलाच."

आई आधीच स्वच्छ असलेलं टेबल पुन्हा पुसायला लागली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

साठ सालच्या वसंतात वायलांड साहेबांनी त्यांना आमच्या कारखान्यात कायमची नोकरी दिली. बहिणीला घेऊन त्या वेट्झलारला आल्या आणि आमच्या वरच्या खोलीत राहिल्या. बोलावणं आईचंच होतं. किती दिवसांसाठी, हे ना तिनं विचारलं, ना त्यांनी. त्यानंतर आमच्या कारखान्यातलं कुठलंही यंत्र लुगर्टबाई त्यावर पूर्ण एक दिवस काम करून बघेपर्यंत बाहेर गेलं नाही. नवे इंजिनिअर त्याला "बाईंचा दिवस" म्हणत आणि परीक्षेसारखे घाबरत. आदल्या दिवशी ते जिन्यात मला गाठून विचारत, बाई आज कशा आहेत? त्या सगळ्यांनाच नापास करत, अगदी प्रेमानं, आणि का ते समजावून सांगत. माझ्या हातून पुढे बरी यंत्रं झाली, मी त्या विभागाचा प्रमुख झालो, प्रदर्शनात दोनदा गौरव झाला. लोक म्हणतात, तुमच्या यंत्रावर दिवसभर बसलं तरी माणूस थकत नाही. ही विद्या मला कुठल्या शाळेत मिळाली नाही.

१९७१ च्या हिवाळ्यात आईला अर्धांगाचा झटका आला. मी दिवसभर कामावर असायचो. लुगर्टबाईंनी मला न विचारता साहेबांकडे जाऊन आपलं काम अर्ध्या दिवसावर आणलं. दुपारी बारापासून त्या आईपाशी असत. तिला भरवत, कूस बदलत, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवत आणि बातम्यांवरून तिच्याशी वाद घालत. आईला बोलणं कठीण जायचं, पण वादापुरते शब्द ती कुठून तरी आणायची. डॉक्टरांनी दोन महिने सांगितले होते. आई चौदा महिने जगली, आणि त्यातले बरेच दिवस हसली.

ती गेल्यावर मी लुगर्टबाईंचे आभार मानायचा प्रयत्न केला. मला नीट जमलं नाही. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"फोल्कमार, या गावात बहीण सोडली तर मला कोणी अगं म्हणून हाक मारणारं नव्हतं. ती मारायची. तू कशाचे आभार मानतोस?"

आता त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. डोळे चांगले आहेत, पाठ ताठ आहे. दर बुधवारी चर्चच्या मागच्या सभागृहात नऊ बायकांना लेस शिकवतात. त्यातली एक बेप्लर मास्तरांची नात आहे. गेल्या बुधवारी मी त्यांना आणायला गेलो तेव्हा वर्ग संपला नव्हता. मी मागच्या बाकावर बसून राहिलो. लाकडी रिळांचा बारीक खडखडाट चालला होता. थोड्या वेळानं लुगर्टबाईंनी काहीतरी म्हटलं आणि नऊही जणींनी हातातलं काम थांबवून, मान वर करून, खिडकीतून पलीकडच्या टेकडीकडे बघितलं.